स्थूलारुंधती

मनुष्यानें आयुष्यभर मास्तरकी केली म्हणजे त्याला एक वाईट खोड लागते. समोरचा मनुष्य बोलूं लागला कीं, तो काय सांगत आहे याकडे लक्ष जाण्यापूर्वीं तो तें कसें सांगत आहे याकडेच त्याचें लक्ष जातें. कीर्तनकाराचा पूर्वरंग ऐकतांना आम्हांस कथेपेक्षां फळ्याची आठवण अधिक होते; आणि भाजीवाली हिशेब सांगूं लागली तर तिनें हातचा कोठें धरला हें आम्ही मनांतल्या मनांत तपासून पाहतों. सेवानिवृत्त होऊन आम्हांस नऊ वर्षें झालीं. शाळा सुटली, पण खोड सुटली नाहीं. या खोडीचा कोणास कांहीं उपयोग होईल असें मात्र आम्हांस स्वप्नांतही वाटलें नव्हतें. तो उपयोग आमच्या सूनबाईनें करून घेतला, आणि त्या नादांत आम्हांस अशी एक विद्या थोडीबहुत कळली कीं, जिचें नांवही आमच्या पिढीच्या शाळामास्तरांनीं क्वचितच ऐकलें असेल.

आम्ही हल्लीं पुण्यास मुलाकडे राहतों. सूनबाई येथील एका इंजिनिअरिंग कॉलेजांत विजेच्या शाखेच्या शेवटच्या वर्षास शिकविते. तिचा विषय स्विचिंग पॉवर कन्व्हर्टर, त्यांचें गणिती प्रतिरूप म्हणजे मॉडेल, आणि त्यांचें नियमन, ज्यास ते लोक कंट्रोल लूप म्हणतात. गेल्या पावसाळ्यांत एके रात्रीं जेवणें झाल्यावर ती वही घेऊन आमच्यासमोर बसली आणि म्हणाली, "बाबा, मुलें गणितें सोडवितात, पण कन्व्हर्टर त्यांच्या डोळ्यांपुढें उभा राहत नाहीं. मी रोज उद्यांचा पाठ आधीं तुम्हांला सांगेन. जेथें कळणार नाहीं तेथें मला थांबवा." आम्ही तिला सांगितलें कीं, आम्ही जुन्या अकरावीचे मॅट्रिक, पुढें पाठशाळेंत व्याकरण केलें आणि उभा जन्म शब्दरूपें घोकून घेण्यांत घालविला, आम्हांस यांतलें काय कळणार? ती हंसून म्हणाली, "म्हणूनच तर."

वाचकहो, ही वस्तु ज्यांत नाहीं असें एकही घर आज सहसा निघणार नाहीं. मोबाईल फोनचा चार्जर, संगणक, दूरदर्शन संच, या सर्वांच्या पोटांत एक तरी स्विचिंग कन्व्हर्टर बसलेला असतो. गणित सोपें जावें म्हणून सूनबाईनें १२ व्होल्टची बॅटरी घेतली आणि तिच्यापासून ५ व्होल्ट कसे काढावयाचे तें सांगितलें. जुनी रीत अशी कीं, मध्यें एक अडसर ठेवावयाचा आणि उरलेले ७ व्होल्ट त्यानें उष्णतेच्या रूपानें जाळून टाकावयाचे. बारांतले सात जाळणें म्हणजे निम्म्याहून अधिक शक्ति फुकट घालविणें होय. नवी रीत निराळी. तींत विजेची वाट अर्धवट उघडी ठेवीत नाहींत. एक तर ती पूर्ण उघडतात, नाहीं तर पूर्ण मिटतात. पूर्ण उघड्या वाटेंत अडथळा नाहीं आणि पूर्ण मिटलेल्या वाटेंतून प्रवाह नाहीं, म्हणून दोन्ही अवस्थांत शक्ति जळून जाण्याचें कारण जवळजवळ उरत नाहीं. हें उघडणें-मिटणें एक ट्रान्सिस्टर सेकंदाला लक्ष लक्ष वेळां करीत असतो. लक्ष वेळां म्हणजे एका आवर्तनास १० मायक्रोसेकंद. त्यांपैकीं सुमारें ४.१७ मायक्रोसेकंद वाट उघडी ठेविली कीं, बारांतले पांच, अर्थात् ५ व्होल्ट, सरासरीनें पलीकडे पोंचतात.

"पण बाबा," सूनबाई म्हणाली, "मुलांना 'सरासरीनें' हा नुसता शब्दच राहतो." तेव्हां आम्हांस लहानपणची मोट आठवली. कृष्णाकांठीं आमच्या गांवीं विहिरीवर मोट चाले. बैल धावेवरून खालीं जात, मोट वर येई आणि भसकन् थारोळ्यांत पाणी पडे. बैल मागें सरत, मोट पुनः विहिरींत जाई, आणि तितका वेळ थारोळ्यांत एक थेंबही पडत नसे. तरी थारोळ्यांतून निघालेला पाट वाफ्यापर्यंत संथ वाहत असे. तिकडे दारें धरणाऱ्या गड्याला मोट दिसतही नसे. घटकाभरांत किती पाणी आलें एवढ्याशींच त्याचें काम. सूनबाईनें वहींत लिहून घेतलें: स्विचाची उघडझांप म्हणजे मोटेच्या खेपा, कपॅसिटर म्हणजे थारोळें, भार म्हणजे पाट. इंडक्टर म्हणून तारेच्या वेटोळ्यांचा आणखी एक घटक असतो. तो करंटाला एकदम वाढूं देत नाहीं आणि एकदम थांबूंही देत नाहीं. त्याची जागा मोटेच्या दृष्टांतांत कोठें बसेना, म्हणून तो आम्ही तात्पुरता बाजूस ठेविला.

दुसऱ्या रात्रीं मॉडेलचा पाठ झाला. स्विच चालू असतांना सर्किट एक असतें, बंद असतांना दुसरें. प्रत्येकाचीं समीकरणें निराळीं, आणि सेकंदाला लक्ष वेळां हें घर बदलणें चाललेलें. अशा वस्तूचें गणित करावें तरी कसें? अमेरिकेंत पासाडीना येथें कॅलटेक नांवाची प्रसिद्ध संस्था आहे. तेथील प्राध्यापक आर. डी. मिडलब्रुक व त्यांचे शिष्य स्लोबोदान चुक यांनीं १९७६ सालीं यावर एक सरळ उपाय मांडला. दोन्ही सर्किटांचीं समीकरणें लिहावीं. ज्याचा अंमल जितका वेळ, तितकें त्यास वजन द्यावें. आणि दोहोंची सरासरी घेऊन एकच सर्किट आहे असें समजावें. मग त्या सरासरीभोंवतीं होणारे लहान लहान फरक तेवढे पाहावे. असें केलें म्हणजे उड्या मारणारा स्विच दृष्टीआड होतो, आणि उरतें तें एक संथ यंत्र, ज्याचें गणित अभियंत्यांस पूर्वींपासून येतें.

हे मिडलब्रुक जन्मानें इंग्लंडचे. त्यांनीं चार दशकांहून अधिक काळ कॅलटेक येथें अध्यापन केलें. २०१० सालीं ते निवर्तले. समीकरण नुसतें बरोबर असून भागत नाहीं, त्यांतला कोणता घटक काय करितो हें रचना करणाऱ्यास पाहतांक्षणीं दिसावें अशा रीतीनें तें लिहिलें पाहिजे, असा त्यांचा आग्रह असे. सूनबाई जें पाठ्यपुस्तक वापरते त्याचे कर्ते रॉबर्ट एरिक्सन व ड्रॅगन मॅक्सिमोविच हे कोलोराडो विद्यापीठांतले अध्यापक; त्या दोघांचें शिक्षणही कॅलटेकांतच पुरें झालें. म्हणजे ही एक गुरुपरंपराच झाली, आणि तिची एक पारंबी आमच्या जेवणाच्या टेबलापर्यंत येऊन पोंचली, हें पाहून आम्हांस मोठें कौतुक वाटलें.

परंतु खोड ती खोड. आम्ही विचारलें, "ही सरासरी खरी कीं खोटी? प्रत्यक्षांत असें संथ सर्किट कोठें आहे?" सूनबाई क्षणभर थांबून म्हणाली, "कोठेंच नाहीं." तेव्हां आम्ही तिला स्थूलारुंधतीन्याय सांगितला. विवाहांत वधूला अरुंधतीचा तारा दाखवितात. तो फार अंधुक. एकदम दाखवूं गेल्यास दिसत नाहीं. म्हणून दाखविणारा आधीं जवळचा ठळक तारा दाखवून "हीच अरुंधती" असें सांगतो. नजर तेथें ठरली कीं मग म्हणतो, "ही नव्हे, हिच्याजवळ ती बारीक दिसते ती." पहिलें सांगणें खोटें खरें, पण त्यावांचून दुसरें दिसलेंच नसतें. मात्र या न्यायाचें सर्व मर्म "ही नव्हे" या दोन शब्दांत आहे. ते उच्चारावयाचे राहिले, तर वधू ठळक ताऱ्यालाच जन्मभर अरुंधती म्हणत बसेल. सूनबाईनें हें ऐकून घेतलें आणि कांहीं बोलली नाहीं. आमचा न्याय तिच्या उपयोगी पडला किंवा नाहीं हें आम्हांस पुढें कळलें.

नंतर नियमनाचें प्रकरण निघालें. बॅटरी उतरो कीं भार वाढो, बाहेरचें व्होल्टेज हलतां कामा नये. म्हणून तें सतत मोजावयाचें, पाहिजे त्याच्याशीं ताडून पाहावयाचें, आणि उणें पडल्यास स्विच चालू राहण्याचा वेळ वाढवावयाचा, अधिक झाल्यास घटवावयाचा. यास फीडबॅक म्हणतात. हॅरोल्ड ब्लॅक नांवाच्या एका अमेरिकन अभियंत्यास १९२७ सालीं कामावर जातांना, हडसन नदीवरच्या नावेंत, टेलिफोनच्या यंत्रांसाठीं ही कल्पना सुचली आणि हातांतल्या वर्तमानपत्राच्या पानावरच त्यानें ती टिपून ठेविली. पण फीडबॅक सुधारील किंवा बिघडवील हें आधीं ओळखावें कसें? त्याची कसोटी हॅरी नायक्विस्ट यांनीं १९३२ सालीं दिली. ही अडचण आमच्या वाचकभगिनींस सांगावयास नको. गीझर दूर असला म्हणजे नळ गरमाकडे फिरविल्यावर पाणी कांहीं वेळ थंडच येतें. उतावळा मनुष्य आणखी फिरवितो, आणि मग एकदम चटका बसतो. तो घाबरून गारठ्याकडे फिरवितो, आणि पुनः काकडतो. सुधारणा तीच, हात तोच; पण ती उशिरां पोंचल्यामुळें उलट वेळीं पडते. सुधारणा अगदीं उलटी पडण्यास किती अंश अवकाश शिल्लक आहे, त्यास फेज मार्जिन म्हणतात. तो सामान्यतः ४५ ते ६० अंश असावा असा शिरस्ता आहे.

येथवर सर्व ठीक होतें. पुढें बूस्ट कन्व्हर्टर आला आणि आम्ही अडलों. हा व्होल्टेज उतरवीत नाहीं, चढवितो. १२ चे २४ करितो. त्यांत स्विच चालू असतांना बॅटरीची शक्ति इंडक्टरमध्यें सांठते, आणि तितका वेळ पलीकडे कांहींच जात नाहीं. स्विच बंद झाला म्हणजे ती सांठवण पलीकडे ओतली जाते. आतां पलीकडे व्होल्टेज कमी पडलें, तर स्विच अधिक वेळ चालू ठेविला पाहिजे. पण अधिक वेळ चालू ठेविला म्हणजे ओतण्याचा वेळ कमी झाला. म्हणून व्होल्टेज वाढण्यापूर्वीं आणखीच खालीं जातें! आम्ही म्हणालों, "सूनबाई, हें कांहीं पटत नाहीं." ती सांगत होती, आम्ही मान हलवीत होतों; आणि एकाएकीं बाजूस ठेविलेला इंडक्टर आम्हांस आपल्या जागीं दिसला. तीच खरी मोट! मोट अधिक भरावी म्हणून ती अधिक वेळ बुडवून ठेविली, तर तितका वेळ थारोळें कोरडें राहणारच. पाट बारीक झालेला पाहून जो मालक "बुडव, आणखी बुडव" असें ओरडत राहील, त्याचा पाट आटेल. जो चार खेपा धीर धरील, त्याला अधिक पाणी मिळेल. इंजिनिअर लोकांच्या भाषेंत यास उजव्या अर्ध्या प्रतलांतलें शून्य म्हणतात. शब्द भयंकर आहे. अर्थ मोटकऱ्यालाही ठाऊक होता.

हें शून्य कितव्या वारंवारतेवर पडतें याचें सूत्र लहान आहे. भाराचा रोध, त्यास स्विच बंद असण्याच्या वेळेच्या प्रमाणाच्या वर्गानें गुणावें, आणि इंडक्टरच्या मूल्याच्या २π पटीनें भागावें. नियमनाचा हात जेथपर्यंत पोंचतो त्या वारंवारतेस क्रॉसओव्हर म्हणतात; ती या शून्याच्या तिसऱ्या हिश्शाच्या आंतच ठेवावी, असा नियम. मुलांनीं हें सूत्र पाठ केलें, परीक्षेंतलीं उदाहरणें सोडविलीं, आणि प्रकरण संपलें असें सर्वांस वाटलें.

पुढच्या रविवारीं सूनबाईचे चार विद्यार्थी आपला बूस्ट कन्व्हर्टर घेऊन घरीं आले. पोहे झाले, चहा झाला, आणि टेबलावर संसार मांडला गेला: घरच्या इन्व्हर्टरची १२ व्होल्टची बॅटरी, तळहाताएवढें सर्किट, २४ ओहमचे चार मोठे वायरवाउंड रेझिस्टर, आणि लॅपटॉपास जोडलेला एक लहान ऑसिलोस्कोप. इंडक्टर ४७ मायक्रोहेन्रीचा, कपॅसिटर २२० मायक्रोफॅरडचा. एक रेझिस्टर जोडला. १ अँपिअर करंट वाहूं लागला. व्होल्टेज २४ वर, रेषा सरळ. मुलांचे चेहरे फुलले. सूनबाई म्हणाली, "दुसरा जोडा." रेषा जराशी थरथरून स्थिर झाली. तिसरा जोडला, या वेळीं थरथर बराच वेळ टिकली. चौथा जोडतांच पडद्यावरची रेषा नागमोडी नाचूं लागली आणि तो इंडक्टर चक्क शीळ घालूं लागला. आमची नात स्वयंपाकघरांतून "कुकर झाला का?" म्हणून पाहावयास आली.

ज्यानें रचना केली होती तो मुलगा कावराबावरा झाला. तो म्हणाला, "मॅडम, गणित बरोबर आहे. क्रॉसओव्हर ७ किलोहर्ट्झ, शून्य २० किलोहर्ट्झ. तिसऱ्या हिश्शाला धरून आहे." आम्ही सूनबाईकडे पाहत होतों. उत्तर तिच्या ओठांवर आहे हें आम्हांस कळत होतें. चाळीस वर्षांचा अनुभव असलेल्या मास्तराला तेवढें कळतें. आम्ही तिच्या जागीं असतों तर तें तत्काळ सांगून टाकिलें असतें, आणि वर "वर्गांत लक्ष कोठें असतें?" हेंही विचारलें असतें. ती कांहींच बोलली नाहीं. तिनें बॅटरी सोडविली आणि म्हणाली, "बसा. घाई नाहीं." पांच मिनिटें गेलीं, दहा गेलीं. त्या शांततेचा आम्हांसच त्रास होऊं लागला. मग चौघांपैकीं एक मुलगी हळूच म्हणाली, "सूत्रांत रोध आहे. आपण तो २४ ओहम धरला. चार जोडले तर तो ६ होतो." त्या मुलानें वहीवर आकडे मांडले. एका रेझिस्टरवर २० किलोहर्ट्झ, दोहोंवर १०, तिहींवर ६.८, चोहोंवर ५. शून्य खालीं खालीं येत गेलें होतें आणि क्रॉसओव्हराच्याही खालीं उतरलें होतें. हलक्या भारावर जो शहाणा, तो जड भारावर वेडा ठरला.

त्यांनीं दोनतीन लहान घटक बदलून क्रॉसओव्हर दीड किलोहर्ट्झच्या सुमारास आणिला. चारी रेझिस्टर जोडले; व्होल्टेज खचलें, अंमळ सावकाश वर आलें, आणि स्थिर झालें. शीळ नाहीं. मुलें आनंदानें उठूं लागलीं, तेव्हां त्याच मुलीनें विचारलें, "मॅडम, आपलें मॉडेल सरासरीचें. त्याला स्विच दिसतच नाहीं. मग त्यावर कोठपर्यंत विश्वास ठेवावयाचा?" हा प्रश्न परीक्षेचा नव्हता. सूनबाईनें आमच्याकडे एकवार पाहिलें आणि म्हणाली, "मी तुम्हांला जें मॉडेल शिकविलें, तें खरा कन्व्हर्टर नव्हे. संथ बदलांपुरतें तें खरें मानावें. स्विच दर आवर्तनास एकदांच निर्णय घेतो. म्हणून त्याच्या वारंवारतेच्या निम्म्याजवळ गेलांत कीं सरासरीला अर्थ उरत नाहीं, आणि व्यवहारांत आपण पुष्कळच अलीकडे, पांचव्या-दहाव्या हिश्शावर थांबतों. त्यापलीकडे दुसरें मॉडेल लागतें. तें अभ्यासक्रमांत नाहीं. पण पुढच्या आठवड्यांत आपण पाहूं." "ही नव्हे" हे दोन शब्द तिनें उच्चारले होते. आम्ही उठून गच्चीवर गेलों.

या एका शिळेपायीं तिच्या वर्गाचे पुढें तीन तास गेले. पोर्शन मागें कां, अशी विचारणाही तिला कॉलेजांत झाली. रात्रीं जेवतांना ती म्हणाली, "विचारणा चुकीची नाहीं. परीक्षा तोंडावर आहे, आणि तीन तास गेले हें खरें आहे. ते भरून निघतील कीं नाहीं, मला सांगतां येत नाहीं." प्रत्येक वस्तूंतून बोध काढण्याची संवय वाईट आहे हें आम्ही जाणतों; तथापि वर चढण्यापूर्वीं खालीं जावें लागणें हें केवळ कन्व्हर्टरच्याच नशिबीं नाहीं, एवढें त्या रात्रीं आमच्या मनांत आल्यावांचून राहिलें नाहीं. कारण आम्ही गच्चीवर गेलों होतों, तें हवा खाण्यासाठीं नव्हे.

आतां जें सांगावयाचें, तें सांगण्यास बरीच पानें खर्चीं पडलीं. पंचवीस वर्षांपूर्वीं आम्ही आठवीच्या वर्गास सवर्णदीर्घ संधि शिकवीत होतों. ई पुढें इ आली कीं दोहोंबद्दल एक ई. नियम सांगितला, फळ्यावर दहा उदाहरणें दिलीं, वर्गानें एका सुरांत म्हटलीं. तेव्हां तिसऱ्या बांकावरचा एक मुलगा उभा राहिला. त्यानें कोठेंसें "मुनी इमौ" असें वाचलें होतें. येथें ई पुढें इ असून संधि कां झाला नाहीं, असें त्यानें विचारलें. उत्तर आम्हांस ठाऊक होतें. पाठशाळेंत तें आम्ही गिरविलें होतें. द्विवचनाच्या शेवटीं येणारे ई, ऊ, ए यांचा पुढील स्वराशीं संधि होत नाहीं. त्यांस प्रगृह्य म्हणतात. हें सांगावयास दोन मिनिटें लागलीं असतीं. पण तास संपत आला होता, तपासनीस यावयाचे होते, आणि वर्गापुढें आपला नियम मोडका दिसूं नये असेंही वाटलें असावें. आम्ही म्हणालों, "तें परीक्षेला नाहीं. खालीं बैस." तो बसला. त्यानंतर त्यानें आमच्या तासाला कधींही प्रश्न विचारला नाहीं. नववींत त्यानें संस्कृत सोडलें. तें कां सोडलें हें आम्ही विचारलें नाहीं. तो मुलगा आमचाच मुलगा होता.

आमचें त्याचें भांडण कधींच झालें नाहीं. तो आमची औषधें वेळच्या वेळीं आणितो, डोळ्यांच्या डॉक्टरांकडे स्वतः घेऊन जातो, आणि बँकेंतून येतांच "बाबा, जेवलांत का?" असें विचारतो. याहून अधिक प्रश्न मात्र तो आम्हांस विचारीत नाहीं. घराघरांतून वडील व मुलगे असेच बोलत असतील, असें म्हणून आम्ही मनाचें समाधान करीत होतों. परंतु त्या रविवारीं ती मुलगी उभी राहून विचारूं लागली, तेव्हां आम्हांस तिसरें बांक दिसलें. आम्ही आयुष्यभर मुलांस ठळक तारे दाखविले. ते सुंदर दाखविले, असें आमचे जुने विद्यार्थी अजूनही सांगतात. पण "ही नव्हे" असें सांगण्याची वेळ आली तेव्हां आम्ही घड्याळाकडे पाहिलें.

गेल्या आठवड्यांत एके रात्रीं सूनबाई पेपर तपासावयास आंत गेली, आणि टेबलाशीं आम्ही दोघेच उरलों. आम्ही प्रस्तावना न करितां म्हणालों, "तूं आठवींत असतांना 'मुनी इमौ' विचारलें होतेंस. तें द्विवचन आहे. द्विवचनाच्या ई, ऊ, ए यांचा संधि होत नाहीं. मीं तेव्हां तुला सांगावयास पाहिजे होतें." चिरंजीव कांहीं वेळ ताटांतल्या भाताशीं चाळा करीत बसले. त्यांना आठवतच नसेल, असें आम्हांस वाटलें. मग ते म्हणाले, "त्याच रात्रीं तुमच्या कपाटांतलें व्याकरण काढून पाहिलें होतें, बाबा. तो नियम सांपडला. पण त्याच्याच खालीं 'अमी' होतें. अमी तर बहुवचन. मग त्याचा संधि कां होत नाहीं? तें विचारायचें राहिलें."

ताटें तशींच राहिलीं. आम्ही कपाट उघडलें, पुस्तक काढलें, आणि त्यांना शेजारीं बसावयास सांगितलें.